चार वाकड्या तारा

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून गाडीची वेगळी डायरी. कारखान्याने रिटायर लोकांना दिलेली ही डायरी दहा महिने कोरीच पडली होती. आता ती गाडीच्याच ड्रॉवरमध्ये राहील. शिस्त म्हणजे शिस्त.

प्रश्न: सेंट्रल लॉक. पूर्वी बटण दाबलं की चारही दरवाजे एका आवाजात टक्. आता ड्रायव्हरचा लागतो, डावा पुढचा विचार करतो, मागचे दोन खर्र खर्र करून अर्ध्यात बसतात. उघडतानाही तेच. गाडी सोळा वर्षांची आहे हे मान्य. पण ती चीफ इंजिनिअर साहेबांच्या हातची आहे. साहेबांनी सोडली आणि मी घेतली. बेलापुरात एवढी निगा राखलेली दुसरी गाडी दाखवा.

मुदत: ३० तारीख. राहात्याला संस्कृतीचं लग्न. आक्काची एकुलती मुलगी, आणि मी तिचा एकुलता सख्खा मामा. दाजी गेले त्याला नऊ वर्षं झाली. नवरी माझ्या गाडीतून कार्यालयात उतरणार आणि मीच तिला हाताला धरून स्टेजवर नेणार. हे तिच्या बारशालाच ठरलंय. मीच ठरवलं होतं.

सौ. पुष्पावती म्हणाली, लग्नाआधी करणकडं टाका की गाडी. करण म्हणजे चौकातला गॅरेजवाला. मी म्हणालो, बघू. म्हणजे नाही. एकतीस वर्षं कारखान्याचा वजनकाटा सांभाळलाय मी. ट्रॉलीसकट ट्रॅक्टर तोलणारा काटा. त्यापुढं दरवाज्याचं लॉक ते काय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

करणकडे गेलो, फक्त ओपिनियन घ्यायला. त्याने बटण दोनदा दाबलं, कान लावला आणि म्हणाला, काका, लॉकच्या मोटरी थकल्यात. चारी बदलू, अर्ध्या दिवसाचं काम हाय. मी विचारलं, थकल्यात म्हणजे नक्की काय झालंय? तर म्हणे, थकल्यात म्हंजी थकल्यात.

याला निदान म्हणत नाहीत. निर्णय झाला. काम घरीच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गंजावरचा स्प्रे आणला. चारही दरवाज्यांच्या फटीत सढळ हाताने मारला. परिणाम दिसतोय. डावा पुढचा आता विचार करत नाही, सरळ नाही म्हणतो.

सीटवर तेलाचे डाग पडले, तिथून पुष्पावतीच्या साडीला. साडी जुनी होती असं माझं मत. ती दिवाळीची होती असं तिचं.

९ नोव्हेंबर, रविवार

चार मोटरी ऑनलाईन मागवल्या होत्या, आल्या. मॉडेलच्या यादीत आमची गाडी नव्हती, पण खाली 'इतर' होतं. इतरमध्ये सगळं येतं.

सकाळी आठला ड्रायव्हरच्या दरवाज्याचा आतला पॅड उघडला. व्हिडिओतल्या माणसाला चार मिनिटं लागली. मला साडेपाच तास, पण तो बोलत बोलत करत होता आणि मी विचार करत करत. क्लिपा नऊ होत्या, सहा तुटल्या. तीन पुरतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चारही दरवाजे पूर्ण. एकट्याने. कुणाची मदत नाही.

प्रत्येक दरवाज्यातून एक एक वाकडी तार उरली. आधी थोडा दचकलो. पण चारही दरवाज्यांतून सारखीच तार उरलीय, म्हणजे ही चूक नव्हे, पद्धत आहे. कंपन्या जादा माल भरतात. बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या.

काचेजवळच्या लॉकच्या खुंट्या काढून टाकल्या. नव्या गाड्यांना कुठं असतात खुंट्या? ड्रायव्हरची काच आता दोन बोटं खाली येते आणि थांबते, बाकीच्या हलतच नाहीत. हवा खेळती राहायला तेवढी बास.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक बारीक गोष्ट लक्षात आली. दार आतल्या हँडलने उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. पुष्पावतीला दळणाच्या डब्यासकट गिरणीसमोर पंधरा मिनिटं बसावं लागलं.

तिला समजावून सांगितलं, हे सेफ्टीसाठी आहे. विमानात प्रवासी दार उघडतो का? ती म्हणाली, इमान उतरल्यावर तरी बाहीर सोडत्यात. बाहेरचं माणूस येऊन हँडल ओढेपर्यंत ती आत आणि मी आत. बऱ्याच दिवसांनी एवढा वेळ एकमेकांजवळ बसलो. बोललो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

दूध डेअरीसमोर पाऊण तास. लॉक लागलं ते उघडेना. लोक कॅन घेऊन येत-जात होते. मी मोबाईल कानाला लावून महत्त्वाचं बोलणं चाललंय असं दाखवलं. कुणाला शंका आली नाही. एकाने बाहेरून नमस्कार केला, मी आतून केला.

मग लॉक आपोआप उघडलं. म्हणजे सिस्टीम स्वतःला दुरुस्त करतेय. याला वेळ द्यावा लागतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रिका येऊन तीन दिवस झाले. मामांच्या ओळीत माझ्या शेजारी पुंजारामचं नाव. सारख्याच टायपात. पुंजाराम चुलत भाऊ, म्हणजे चुलत मामा. सख्खा आणि चुलत यांत अक्षराचा काही फरक असतो की नाही?

मी रुसलेलो नाही. आक्काचा फोन तीन दिवस उचलला नाही एवढंच.

साखरपुड्यालाही मी रुसलो नव्हतो. बॅनरवर माझा फोटो राहिला होता, म्हणून गाडीत बसून तासभर विचार करत होतो. लोकांनी त्याला रुसणं म्हटलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आक्का स्वतः येऊन गेली. राहात्याहून बेलापूर, एस.टी.ने. म्हणाली, गहिनी, पोरीला बाप न्हाई. त्या दिशी तू नगं रुसूस बाबा. बाकी माझं कायबी म्हननं न्हाई.

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, आक्के, सूर्य पश्चिमेला उगवेल, पण संस्कृतीला स्टेजवर मीच नेणार. तिने डोळे पुसले. तिला गाडीत बसवून स्टँडवर सोडलं. उतरायला फक्त सहा मिनिटं लागली.

२९ नोव्हेंबर, शनिवार, राहाता

हळदीचं जेवण. नवरदेवाचे थोडे पाहुणे कर्जतहून आजच आलेत. त्यांना लॉकचं सगळं काम पहिल्यापासून सांगितलं. तासभर ऐकत होते. एकाने तर जीपसाठी माझा नंबर घेतला.

तेवढ्यात पुंजाराम सगळ्यांदेखत म्हणाला, नाना, नवरीसाठी भाड्याची गाडी सांगू का, तुमच्या गाडीचं दार कवा उगडंल सांगता येत न्हाई. मी त्याला चारचौघांत नीट उत्तर दिलं. शेवटी तो खाली बघत होता.

संकल्प: उद्या राग नाही, घाई नाही, वजनकाट्यासारखं स्थिर.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११.२०

नवरी उतरली. बटण दाबलं, खर्र झालं, करवल्यांनी बाहेरून दार उघडलं. बँड वाजला. संस्कृतीने माझ्याकडे बघून मान हलवली. पिवळ्या साडीत तिचा चेहरा दाजींसारखा दिसतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मुहूर्त १२.३५. भटकाका म्हणाले, पाच मिनिटं आधी माईकवरून पुकारू, मामांनी नवरीला घेऊन यायचं.

१२.०२

गाडी भटारखान्यामागे लिंबाखाली लावायला आलो. सावली आहे, आणि आरशात फेटा बघता येतो. फेटा उत्तम.

सहज बटण दाबून पाहिलं. टक्. चारही दरवाजे, एका आवाजात. दोन महिन्यांत पहिल्यांदा. अंगावर काटा आला. म्हटलं, करणला हे ऐकवायला पाहिजे होतं.

१२.०६

उघडायचं बटण दाबलं. काही नाही. शांतपणे चौदा वेळा दाबलं. मोटर गुणगुणते. आतली हँडलं ओढली, ती लोण्यासारखी मऊ चालतात. दार मात्र जागचं हलत नाही.

काळजीचं कारण नाही. डेअरीला आपोआप उघडलं होतं.

१२.१२

उपाय सापडला. काच दोन बोटं उघडी आहे. किल्ली फटीतून बाहेर दिली की कुणीही पाच सेकंदांत दार उघडेल.

जवळपास एकच माणूस आहे. पाण्याच्या टाकीवर हात धुणारा पुंजाराम. तो नको. दुसरं कुणी येईलच.

१२.१५

आचारी आला. मला बघून हसला, बुंदीचं रिकामं पातेलं बोनेटवर पालथं घातलं आणि निघून गेला. मी हाक मारली होती. कर्णा बरोबर माझ्या डोक्यावर लिंबाला बांधलाय.

१२.१८

हॉर्न वाजवला. चार लांब, दोन आखूड. एका बाईने डोकावून बघितलं आणि पळत कार्यालयात गेली. मदत येतेय.

१२.२४

मदत आली आणि गेली.

बनुबाई आल्या. संस्कृतीची चुलत आजी. हातात टॉवेल, टोपी, नारळ. मागे कर्जतचे दहाबारा पाहुणे, कालचेच, आणि त्यांच्या मागे पुंजाराम. बनुबाईंनी गाडीपुढे पदर पसरला. म्हणाल्या, मामा, मानपानात चुकलं माकलं आसंल ते पोटात घाला. हारन वाजवू नगा, लोकं बगत्यात. पोरगी तुमच्या वाटंकडं डोळं लावून बसलीया. खाली उतरा.

म्हणजे मी रुसलोय असं सगळ्यांना वाटलं. रुसलेल्या मामाला कुणी दार ओढून बाहेर काढत नाही, विनवण्या करतात. कुणी हँडलला हातसुद्धा लावला नाही.

किल्ली माझ्या हातात होती. तोंड उघडलं होतं. पण तो जीपवाला काचेतून माझ्या दाराकडे फार बारकाईने बघत होता. मी म्हणालो, व्हा पुढं, आलोच.

बनुबाईंनी टॉवेल, टोपी आणि मूठभर अक्षता फटीतून आत सारल्या. नारळ बसेना, तो टपावर ठेवला. आणि गेले सगळे.

१२.२७

पुष्पावतीचा फोन वाजतो, ती उचलत नाही. फोन पर्समध्ये, आक्काचा आणि संस्कृतीचाही त्यातच, पर्स खोलीत, खोलीला कुलूप. कुलूप मीच लावायला सांगितलं होतं.

करणला लावला. त्याने उचलला. म्हणाला, काका, आतलं हँडल वढा. म्हटलं, ओढलं. म्हणाला, हँडलपासनं लॉकपर्यंत तार जाती बगा, वाकडी, ती लावली हुती ना? मी विचारलं, प्रत्येक दाराला एक?

तो म्हणाला, काका, बाहीर कोनी हाय का? त्येला हाक मारा.

१२.३०

माईकवरून पुकारा. नवरीच्या मामांना विनंती, नवरीला घेऊन स्टेजवर यावे.

मी ओरडलो, आलो. फटीला तोंड लावून ओरडलो. किल्ली बाहेर धरून हलवली. बाहेर कुणी नाही. आचारी नाही, बनुबाई नाही. पुंजारामसुद्धा नाही. आता पुंजाराम चालला असता.

१२.३२

दुसरा पुकारा. नवरीचे मामा गहिनीनाथ, जिथे असतील तिथून लवकर यावे, मुहूर्त थांबत नाही.

हॉर्न दाबला. बॅटरी उतरली. मांजरासारखा आवाज आला आणि तोही बंद.

काच फोडायला काही नाही. टपावर नारळ आहे. बाहेर.

१२.३४

तिसरा पुकारा. नवरीचे मामा पुंजाराम, नवरीला घेऊन यावे.

१२.३६

मंगलाष्टकं चालू झाली. कर्ण्यातून प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. माझ्याइतकं स्पष्ट आज कुणालाच ऐकू आलं नसेल.

शुभ मंगल सावधान झालं, तेव्हा मी उठून उभा राहायला गेलो. फेटा टपाला लागून डोळ्यावर आला. अक्षता टाकल्या. समोरच्या काचेवर आपटून डॅशबोर्डवर पडल्या.

दुपारी १.१५

संस्कृती आली. मुंडावळ्या तशाच. नवरदेव दहा पावलं मागे उभा. तिने हँडल ओढलं, उघडलं नाही. मी काही न बोलता फटीतून किल्ली दिली. तिने दार उघडलं. पाच सेकंद.

मी उतरल्यावर दोघं पाया पडली. मग तिने माझा फेटा सरळ केला. मी म्हणालो, उन्हाने जरा गरगरलं होतं. ती म्हणाली, व्हय मामा.

लिंबाखाली पूर्ण सावली होती.

२ डिसेंबर, मंगळवार, बेलापूर

करणने चारही तारा लावून बघितल्या. चाळीस मिनिटं लागली. पण 'इतर'वाल्या मोटरींशी त्या जुळेनात, म्हणून तारा काढून परत डब्यात दिल्या आणि नव्या मोटरी, नव्या तारा मागवतो म्हणाला. एक शब्द जास्त बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गावात बातमी पोचली. डेअरीवर दोघांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, बरं केलं नाना, मान म्हंजी मान. मी नाही म्हणालो नाही. विचार करता, रुसणं तसं वाईट नाही. त्यात बाणेदारपणा आहे. लॉकचा विषय काढायची गरज काय?

आक्का फोन उचलत नाही. काल अकरा वेळा लावला.

५ डिसेंबर, शुक्रवार

आक्काने पुष्पावतीजवळ निरोप दिला. म्हणाली, त्याला सांग, टावेल-टोपीपायी त्यानं माझ्या पोरीला पुंजारामच्या हाती दिलं. त्याचं दाजी आसते तर त्याची हिंमत झाली आसती का? आता माझ्या दारात येऊ नगं म्हनावं.

पुष्पावती हे सांगून भाकरी थापत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, खरं सांगायला तुमाला एवढं काय जड जातंय? तिला सगळं माहीत आहे. गिरणीपासूनच माहीत असावं.

जेवण गेलं नाही. संध्याकाळी कर्जतला संस्कृतीला फोन केला. म्हटलं, पोरी, मी रुसलो नव्हतो. अडकलो होतो.

ती म्हणाली, मला म्हाईत हाय मामा. किल्ली तुमी फटीतनं दिली तवाच कळलं. स्टेजवर जाताना दोनदा मागं वळून बघितलं मी. पन कुनाला बोलले न्हाई. परतेक लग्नात एक मामा रुसतो, लोकं इसरून जात्यात. सोताच्या गाडीत कोंडून घेतलेला मामा कोन इसरंल? तुमचं हसं झालेलं मला बगवलं नसतं.

मला रडू आलं. मग ती म्हणाली, माझं ऱ्हाऊ द्या, पन आईला खरं सांगा. तिला लई लागलंय.

७ डिसेंबर, रविवार

करणने नव्या मोटरी, नव्या तारा बसवल्या, गाडी आता उत्तम आहे. चारही दरवाजे आतून उघडतात. तरी राहात्याला एस.टी.ने गेलो.

आक्काने दार उघडलं आणि पाठ फिरवली. मी बिस्किटाचा डबा तिच्यापुढे उघडून ठेवला. चार तारा. कोणती कुठल्या दाराची, हँडल म्हणजे काय, लॉक म्हणजे काय, सगळं सांगितलं. पुंजारामला हाक मारली नाही, तेही सांगितलं. पुकारा झाला तेव्हा मी ओरडत होतो, तेही.

तिने एक तार हातात घेतली आणि कितीतरी वेळ बघत बसली. म्हणाली, एवढ्याश्या तारंपायी व्हय रं गहिनी? आणि रडायला लागली. मीही रडलो. मग रडता रडता ती हसायला लागली आणि थांबेना. पाणी प्यायली, परत हसली. बनुबाईंना बोलावून दाखवलं. शेजारच्या दोघींना बोलावलं. माझ्यादेखत पुंजारामला फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. तो हसला नाही. म्हणाला, नाना, मी टाकीपाशीच हुतो की, नुसतं वरडायचं. त्याचं हे बोलणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

निघताना डबा मागितला. आक्का म्हणाली, तारा ऱ्हाऊ दे हितंच, जावई येनार हायेत, त्येंला दाखवायच्या हायेत. जीपवाल्या पावन्यालाबी.

येताना शेवटच्या बाकावर खिडकीची जागा मिळाली. खिडकी उघडत नव्हती. मी हात लावला नाही.

बेलापूर आल्यावर उठलो. दार कंडक्टरने उघडलं.